नव्वदीच्या स्नेह्याला काय द्यावे?



पावसाळ्याच्या अखेरीस एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांच्या शेजारी एक वृद्ध बाई राहतात. नात्याच्या नव्हेत; पण या भगिनीची दोन्ही बाळंतपणे त्यांनीच निभावली आणि शिवणयंत्र चालवावयासही त्यांनीच शिकविले. त्या बाई आता ऐंशी वर्षांच्या होणार. ‘साडी न्यावी तर त्या नेसत नाहीत, पेटीत ठेवतात. मिठाई न्यावी तर साखरेचे पथ्य. पैसे दिले तर रागावतील. मग न्यावे तरी काय?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न लहान दिसतो, परंतु तो लहान नाही. नात्यांत देण्याघेण्याची रीत ठरलेली असते. मामाने काय आणावे, आत्याचा मान कोणता, हे घरच्या वडीलधाऱ्यांना पाठ असते, आणि चुकलेच तर सांगणारे दहाजण उभे राहतात. वयाने मोठ्या स्नेह्यासंबंधी मात्र कोणतीच रीत नाही. तेथे ज्याचे त्यानेच ठरवावे लागते, आणि ठरवू लागले की आपण त्या माणसाला किती ओळखतो हे आधी उघडे पडते. मजवर हा प्रसंग २०२५ च्या सप्टेंबरात हैदराबादेतील सुलतान बाजारात आला. उत्तर म्हणून तोच सांगतो.

वाढदिवस ही गोष्टच आपल्या खेड्यांत तशी नवी. जुन्या पिढीतील कितीतरी लोकांची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची म्हणून तीच मांडून टाकली. आपल्या कुटुंबांत निदान चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत खरी तारीख सापडते. तरी माझे आजोबा कधी वाढदिवस पाळीत नसत, ज्या संताचे नाव त्यांना मिळाले होते त्या संताचा सण पाळीत. ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे त्या माझ्या स्नेह्यांची तारीख आणखी निराळी. त्यांचा जन्म निजामाच्या राजवटीतला. दाखल्यावर महिना आबान आणि साल १३४४ फसली असे लिहिलेले. आबान म्हणजे सप्टेंबरच्या आसपास आणि ते साल म्हणजे १९३५. तेव्हा यंदा त्यांना नव्वद वर्षे पूर्ण होणार होती. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो.

सुलतान बाजार हा हैदराबादेतला, परंतु निजामाच्या नावाने फार उशिरा ओळखला जाऊ लागलेला भाग. इंग्रज रेसिडेंटाच्या कोठीभोवती ही पेठ वाढली, म्हणून तिला रेसिडेन्सी बाजार म्हणत. १९३३ साली इंग्रजांनी ती निजामाला परत केली, तेव्हा सुलतान बाजार हे नाव पडले. तोवर तेथे निजामाचा अंमल तितकासा चालत नसे. साहजिकच ज्यांना सभा भरवावयाच्या, पुस्तकालये काढावयाची, ते लोक या आश्रयाला आले. तेलुगू भाषेचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ साली येथेच निघाले. जवळच मराठी मंडळींनी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली, आणि १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक ही नावे त्या पिढीची. आजही त्या गल्ल्यांतून हिंडताना तेलुगू, उर्दू, मारवाडी, गुजराती यांच्या गलबल्यात मधूनच एखादे मराठी वाक्य कानी पडते, आणि परमुलखात आलेल्या माणसाचे पाऊल थबकते.

माझे पाऊल १९८६ साली असेच थबकले. गंगापूर तालुक्यातील खेड्यातून नोकरीसाठी मी तेथे गेलो होतो. ना तेलुगू येत होते, ना तेथले उर्दू-हिंदी. रविवारी गनफाउंड्रीच्या संत जोसेफ कथीड्रलमध्ये मिस्सा ऐकावयाची आणि तेथून चालत येऊन ग्रंथसंग्रहालयात मराठी वर्तमानपत्र वाचीत बसावयाचे, एवढाच माझा विरंगुळा. एका रविवारी समोरच्या खुर्चीतील गृहस्थ म्हणाले, “ते पान तू तिसऱ्यांदा वाचतो आहेस. घरून पत्र आले नाही का?” ते अण्णा. ते तेव्हा पन्नाशीचे, शाळेत शिक्षक. मी जेमतेम एकवीस वर्षांचा. त्या वर्षी मला विषमज्वर झाला, तेव्हा नऊ दिवस त्यांच्या घरून मऊ भात येत होता. पहिले चार दिवस त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वतः डबा घेऊन दोन जिने चढल्या. पुढे मी सिकंदराबादेस राहावयास गेलो, संसार झाला, नोकरीतून निवृत्तही झालो.

आता कबूल करावयाची गोष्ट. २०२२ साली काकू वारल्या. दफन म्हणा, दहन म्हणा, त्या दिवशी माणसे जमतात. खरी गरज पुढे असते. मी तेराव्याला गेलो, त्यानंतर दोनदा गेलो, आणि मग दोन वर्षे गेलोच नाही. भांडण नव्हते, कारण नव्हते. अंतराचे निमित्त सांगावे तर तेही उरलेले नाही. २०२० च्या फेब्रुवारीत मेट्रो सुरू झाल्यापासून परेड ग्राउंडला बसलेला माणूस पाव तासात सुलतान बाजाराला उतरतो. (ही मेट्रो बाजारातून नेऊ नये म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला होता. जुन्या कमानींच्या डोक्यावरून ती आता जाते. मला ती सोयीची आहे, त्यांना नाही.) अण्णांच्या मुलाचा निरोप आला की नव्वदी घरच्या घरी करावयाची आहे, आणि त्यानंतर अण्णांना तो कुकटपल्लीस आपल्या घरी नेणार आहे, तेव्हा मला आनंद होण्याऐवजी प्रथम लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ विचार आला तो असा की, भेट चांगली घसघशीत न्यावी.

वाचकहो, येथे थांबून सांगतो. महागडी भेट ही पुष्कळदा भेट नसते, दंड असतो. आपण गेलो नाही, विचारले नाही, त्याची रक्कम भरून पावती घ्यावयाची असते.

मी बाजारात शिरलो. पहिल्याने शाल पाहिली. मराठी समाजात वयस्कर माणसाचा सन्मान म्हणजे शाल आणि श्रीफळ. अण्णांच्या कपाटात अशा शाली चळतीने पडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. काकू त्यांतल्या वाटून टाकीत. मग घड्याळे पाहिली. नव्वदीच्या माणसाला घड्याळ देण्यात काहीतरी अनुचित आहे असे वाटून तेथून निघालो. काठी पाहिली. काठी देणे म्हणजे ‘तुम्ही आता चालू शकत नाही’ असे बांधून देणे. कानात घालावयाचे यंत्र तर त्यांच्या मुलाने आणले होते, आणि ते खणात पडून होते.

शेवटी भांड्यांच्या दुकानात तांब्याचा एक सुरेख तांब्या पसंत केला. दुकानदार मराठी समजणारा. त्याने भांडे हाती घेतले आणि विचारले, “नाव काय घालू? कुणातर्फे?” आपल्याकडे भांडे देताना त्यावर नाव कोरून घेण्याची जुनी चाल आहे. दुकानाच्या दाराशीच कोरणारा माणूस आपले यंत्र घेऊन बसला होता. मी कागदावर मजकूर लिहून दिला आणि तो वाचून पाहिला. अण्णांचे नाव एका ओळीत, आणि माझे नाव, सौ.चे नाव, मुलांची नावे, तारीख, ही तीन ओळींत. पाणी पिताना रोज त्यांनी माझे नाव वाचावे, अशी ती व्यवस्था होती. मी कागद परत घेतला, दुकानदाराची क्षमा मागितली आणि बाहेर आलो. तो रागावला नाही. तांब्या पुन्हा फळीवर ठेवून पुढच्या गिऱ्हाइकाशी तेलुगूत बोलू लागला.

तेथून चालत कोठीच्या बाजूला आलो. रेसिडेंटाची ती कोठी अजून उभी आहे. १९४९ पासून तेथे मुलींचे महाविद्यालय होते, आता महिला विद्यापीठ आहे. या वास्तूची एक कथा अण्णांनी मला पहिल्या वर्षीच सांगितली होती. जेम्स किर्कपॅट्रिक हा इंग्रज रेसिडेंट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधवीत होता. त्याने हैदराबादच्या एका खानदानी घराण्यातील खैरुन्निसा हिच्याशी विवाह केला होता. ती पडद्यात राहणारी. वाड्याचा दर्शनी भाग पाहावयास तिला बाहेर येता येईना. तेव्हा म्हणे त्याने जनान्याच्या बागेत त्या संपूर्ण इमारतीची एक लहान प्रतिकृती बांधवली, तिला आपल्या अंगणात उभे राहून घर पाहता यावे म्हणून. कथा किती खरी ते असो. प्रतिकृती खरी आहे, आणि विल्यम डॅलरिंपल यांनी २००२ साली ‘व्हाइट मुघल्स’ हा ग्रंथ लिहिल्यापासून तिची कीर्ती परदेशांतही गेली आहे. त्या दोघांचा पुढचा इतिहास करुण आहे. किर्कपॅट्रिक १८०५ साली कलकत्त्यास वारला, आणि तीही १८१३ साली, तरुणपणीच गेली.

मला त्या क्षणी आठवली ती एवढीच गोष्ट की, त्याने स्वतः कोठे उभा आहे ते पाहिले नाही. ती कोठे उभी आहे ते पाहिले. मी सकाळपासून दुकानांसमोर उभा होतो. अण्णा कोठे उभे आहेत, याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

अण्णा कोठे होते? त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले होते ते आता नीट आठवू लागलो. ते बोलत नाहीत. जेवतात, झोपतात, खिडकीशी बसतात. पुस्तके त्यांनी स्वतः बांधून ग्रंथालयाला देऊन टाकली. वस्तू एकेक करून वाटीत आहेत, कोणी काही आणले तर म्हणतात, “हे आणखी कुणाला देऊ ते सांगून ठेव.” म्हणजे ज्या माणसाचे घर रिकामे होत चालले आहे, त्याच्या घरी मी एक वस्तू वाढवावयास निघालो होतो.

कोठीच्या पदपथावर जुन्या पुस्तकांची दुकाने लागतात. विद्यार्थ्यांच्या पुस्तकांच्या थप्प्यांमागे उर्दू ग्रंथांचा व सुट्या कागदांचा एक ढीग पडला होता. मी सहज विचारले, याचे काय करता? विक्रेता म्हणाला, “रद्दी में जाता साब. पढ़नेवाले कां रहे अब?”

आणि मला आमच्या घरचा कागद आठवला.

गावाकडील घरी पत्र्याच्या पेटीत माझ्या वडिलांनी एक उर्दू कागद जपून ठेवला होता. त्याला घरात ‘विहिरीचा कागद’ म्हणत. खाली निजाम सरकारचा शिक्का, पाठीमागे दोन अंगठे. आमच्या आजोबांनी मळ्यात विहीर पाडली, तिचा तो कागद. मराठवाड्यातील वाचकांना हे नवे नाही. त्या काळी कचेरीचे दप्तर उर्दूत असे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची राजवट संपली, दप्तर बदलले, आणि दोन पिढ्यांत ते कागद घरोघरी मुके झाले. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा निजामकालीन उर्दू व मोडी कागद वाचणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली ती आपण वाचलीच असेल. अण्णांचे वडील महसूल कचेरीत कारकून होते. संध्याकाळी ते मुलाला समोर बसवून दप्तरातील घसटलेल्या अक्षराचे कागद मोठ्याने वाचावयास लावीत. छापील उर्दू वाचणारे हैदराबादेत लाखांनी मिळतील. कारकुनी घसट वाचणारे आता थोडे. अण्णा त्यांपैकी एक. मला हे चाळीस वर्षे ठाऊक होते आणि तो कागद त्यांच्यापुढे न्यावा असे कधी सुचले नव्हते.

त्या कागदावरून आमच्या घरात काय घडले होते तेही सांगितले पाहिजे, नाहीतर पुढील गोष्ट समजणार नाही. आजोबांना एक धाकटे भाऊ होते. विहीर ज्या सर्व्हे नंबरात आहे, त्याच्या सातबाऱ्यावर नाव आमचे. चुलत घराणे म्हणे, विहीर दोघा भावांनी मिळून पाडली, पाण्यात अर्धी पाळी आमची. आमचे वडील म्हणत, कागद आमच्याकडे आहे. मोट होती तोवर कसेबसे चालले. विजेचा पंप बसल्यावर पाळीवरून शब्द वाढले आणि १९९४ पासून दोन घरांत बोलणे नाही. लग्नपत्रिका जात, माणसे जात नसत. नाताळात एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्सेला, दोन कुटुंबे दोन बाजूंना बसत. पाठीमागचा दुसरा अंगठा कोणाचा, असे मी लहानपणी विचारले होते. वडील म्हणाले, साक्षीदाराचा.

मी गावी जाऊन कागद आणला आणि वाढदिवसाच्या आठ दिवस आधीच अण्णांकडे गेलो. भेट वाढदिवसाच्या दिवशीच द्यावी असा काही नियम नाही. कामाची भेट असेल तर ती आधीच दिलेली बरी.

दोन वर्षांच्या गैरहजेरीविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. मी त्यासाठी तयार केलेली वाक्ये तशीच राहिली. मी कागद पुढे ठेवून म्हणालो, “अण्णा, हा वाचून हवा आहे. दुसरे कोणी वाचणारे मला ठाऊक नाही.” त्यांनी तो हातात न घेता आधी वास घेतला. मग सूनबाईंना हाक मारून दिवा जवळ आणावयास सांगितले. भिंग आणले, परंतु भिंगाने एकावेळी दोन अक्षरे दिसत, शब्द तुटे. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “भाऊजी, फोनवर छायाचित्र काढून दूरदर्शनच्या पडद्यावर मोठे करून दाखवू का?” अण्णांनी प्रथम तोंड वाकडे केले. पण पडद्यावर कागद भिंतीएवढा झाला, तसे ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि म्हणाले, “हे माझ्या बापाला मिळाले असते तर त्याचे डोळे वाचले असते.”

पहिल्या दिवशी तारीख लागली. अमरदाद, १३४५ फसली. त्यांनी मला हिशेब शिकविला: निजामाचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्यात लागे, म्हणून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९० मिळवावयाचे आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेला ५९१. म्हणजे जून १९३६. “मी तेव्हा नऊ महिन्यांचा होतो,” ते म्हणाले. मग कागद कशाचा ते निघाले. विहिरीसाठी सरकारातून घेतलेल्या तकावीचा तो करारनामा होता. रक्कम दीडशे रुपये, सिक्का उस्मानिया. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार, असे सांगून त्यांनी त्याचे इंग्रजी रुपयेही करून दाखविले. त्या दिवशी ते दीड तास बोलत होते. मुलगा कचेरीतून आला तो दारातच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी नावे लागावयाची होती. मी गेलो तेव्हा ते आधीच पडद्यापुढे बसले होते. मला पाहताच विचारले, “तुझे आजोबा दोघे भाऊ होते काय रे?”

“होय. का बरे?”

“कर्ज दोघांच्या नावावर आहे. अमुक वल्द अमुक, आणि त्याच्या खाली दुसरा, वल्द तोच. साकिन मौजे तुझे गाव. हप्ते दोघांनी निम्मे निम्मे भरावयाचे आहेत. पाठीमागे अंगठे आहेत ना दोन? एकेकाखाली नाव लिहिले आहे. साक्षीदाराची सही निराळी, ती या कोपऱ्यात.”

मी म्हणालो, “अण्णा, पुन्हा एकदा पाहता का?”

त्यांनी पुन्हा पाहिले. एकेका अक्षरावर काठीचे टोक ठेवून मला दाखविले. मला काही वाचता येत नव्हते, पण दोन्ही ओळींतला ‘वल्द’च्या पुढचा शब्द सारखा दिसतो, एवढे कोणालाही कळले असते. मग ते म्हणाले, “लिहिले आहे ते मी वाचले. तुला हवे ते वाचावयास सांगशील, तर ते मला तरुणपणीही येत नव्हते.”

वडील खोटे बोलले, की त्यांनाही त्यांच्या वडिलांनी तसेच सांगितले होते, हे आता कळावयाचे नाही. ते २००९ साली गेले. त्या रात्री मेट्रोत बसून घरी येताना मला पहिल्या प्रथम वाटले ते हे की, हा कागद मी नेलाच नसता तर बरे झाले असते. हे मी लपवीत नाही. अण्णांना आनंद द्यावा म्हणून नेलेल्या वस्तूने माझ्याच घराचा एक आधार काढून घेतला होता.

आता त्या पत्रलेखक भगिनीला दोन शब्द. वृद्ध स्नेह्याला काम द्यावे असे मी म्हणतो, परंतु ते काम खरे असले पाहिजे. ‘आजी, जरा एवढे निवडून द्या’ म्हणून निवडलेलीच डाळ पुन्हा पुढे करणारी माणसे मी पाहिली आहेत. वृद्धांना हे तत्काळ कळते. आपल्याला खेळवीत आहेत हे कळल्यावर ती अधिकच गप्प होतात. तुमचे जे खरोखरच अडले आहे आणि जे त्यांनाच येते, ते घेऊन जा. तुमच्या शेजारच्या बाईंनी बाळंतपणे निभावली, तर गावात कोणाच्या घरी कोण कसे जन्मले हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असेल? एक कोरी वही घेऊन बसा आणि विचारा. जुनी शिवणाची मापे विचारा. तुम्हाला आली नाही अशी एखादी चोळी त्यांच्याकडून बेतून घ्या. आणि जुने कागद न्यावयाचे झाल्यास मूळ कागद जपा, त्याची छायाप्रत काढून तीवर काम करा. कचेरीत दाखल करावयाचे असेल तर असे घरगुती वाचन चालत नाही, अधिकृत भाषांतर लागते. हे अण्णांनी मला बजावून सांगितले, म्हणून येथे देतो.

वाढदिवस झाला. पंधरा-वीस माणसे होती. शाली तीन आल्या. मी काहीच नेले नव्हते, आणि सूनबाईंनी सर्वांदेखत सांगितले की भाऊजींची भेट आधीच आली आहे, अण्णा रात्रीचे अकरा वाजवतात. अण्णांनी मला आतल्या खोलीत बोलाविले आणि दोन लिफाफे हाती दिले. त्यांनी संपूर्ण करारनामा देवनागरीत उतरून काढला होता. नव्वद वर्षांचा हात. ओळी किंचित खाली झुकलेल्या, पण अक्षर शाळामास्तराचे. दोन प्रती, शब्दाला शब्द सारख्या. “एक तुझी,” ते म्हणाले, “एक तुझ्या चुलतभावाची. त्याची टपालाने पाठवू नकोस. नेऊन दे.”

“आणि त्याने काही बोलले तर?”

“तर ऐकून घे. तू माझ्याकडे दोन वर्षे आला नाहीस, मी काही बोललो का? त्याला बोलू दे.”

ऑक्टोबरात मी गावी गेलो. एकतीस वर्षांनी त्या ओट्यावर चढलो. चुलतभाऊ मजपेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याने मला ओळखले, पण बसा म्हणावयास त्याला थोडा वेळ लागला. मी लिफाफा दिला. त्याने चष्मा लावून तो सावकाश वाचला, मग आतल्या बाजूला तोंड करून वहिनींना पाणी आणावयास सांगितले. पाळीचा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. तो निघेल तेव्हा निघेल, आणि तेव्हा मजजवळ दुसरा कागद नाही.

थोड्या वेळाने तो उठून आत गेला आणि लाकडी पेटीतून फडक्यात बांधलेले तीन कागद घेऊन आला. तेही उर्दूच, एकावर वाळवीने खाल्लेली कडा. त्याने विचारले, “तुमचे ते मास्तर हेही वाचतील काय?”

अण्णा आता कुकटपल्लीस आहेत. नाताळापूर्वी हे कागद त्यांच्याकडे पोहोचते करावयाचे आहेत. दुमडू नयेत म्हणून चुलतभावाने ते जुन्या दिनदर्शिकेच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून सुतळीने बांधून दिले आहेत.